पिवळ्या पानाची घाई नको

आज एका अगदी साध्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे. लिली, भुईचाफा, निशिगंध, हळद, सुरण ही सारी जमिनीतल्या कंदातून उगवणारी झाडे. यांचा बहर ओसरला, पाने लोळू लागली, कडेने पिवळी पडू लागली, म्हणजे ती कापून टाकावीत की राहू द्यावीत? आणि कापायचीच तर केव्हा? प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर चुकल्यामुळे पुढल्या वर्षीचे फूल जाते, हळदीचे गड्डे बोटभर राहतात आणि सुरण नारळाएवढा व्हायचा तो लिंबाएवढा निघतो. म्हणून थोडे तपशिलात शिरू.

महाड तालुक्यातल्या एका शाळेची हकीकत सांगतो. तेथील मुलांनी फाटकापासून व्हरांड्यापर्यंत वाटेच्या दोन्ही अंगांना लिलीचे कांदे लावले. पहिल्याच वर्षी परीक्षेच्या दिवसांत मनगटाएवढ्या जाड दांड्यांवर तांबडी, कर्ण्यासारखी फुले अशी काही आली की येणारा-जाणारा थबकून पाही. दुसऱ्या वर्षी चार-दोन दांडे आले. तिसऱ्या वर्षी नुसती पाने. मग कोणी म्हणाले माती हलकी आहे, कोणी म्हणाले शेणखत कमी पडले, कोणी दृष्ट लागली असेही म्हणाले. मुलांनी खाऊच्या पैशांतून वर्गणी काढून नवे कांदे आणले आणि त्यांचीही तीच गत झाली. गुरुजींनी हे सारे मला सांगितले तेव्हा मी विचारले, "गुरुजी, पानांचे काय करता?"

"पानांचे काय करायचे? पंधरा ऑगस्टला झेंडावंदन असते, पाहुणे येतात. लोळलेली पाने बरी दिसत नाहीत. साफ कापून घेतो. पुन्हा फुटतात, ती दोन ऑक्टोबरच्या सफाईत जातात."

झाले! मातीचा दोष नव्हता आणि खताचाही नव्हता. दोन राष्ट्रीय सण उत्साहाने साजरे झाले, त्यात लिली उपाशी राहिली. गुरुजींना मी हसलो नाही, कारण माझ्या स्वतःच्या अंगणात भुईचाफ्याच्या बाबतीत मी तीन वर्षे नेमके हेच केले होते. शेजारच्या आजी एकदा कुंपणापलीकडून म्हणाल्याही होत्या, "मास्तर, कशाला कापता? आपसूक पडू देत की." पण शिकलेल्या माणसाला असे सल्ले ऐकू येत नाहीत.

आता पान कापल्याने कंद उपाशी कसा राहतो ते पाहू. आपल्याकडे सर्रास समज असा की झाड आपले अन्न मुळांनी जमिनीतून ओढून घेते; पान ही नुसती शोभा. हा समज जुना आहे आणि साऱ्या जगात होता. बेल्जियममधील फान हेल्मोंट नावाच्या एका विद्वानाने त्याची परीक्षा घेतली. त्याने २०० पौंड कोरडी माती मोठ्या कुंडीत भरली, तीत ५ पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन भरले १६९ पौंड. आणि माती वाळवून तोलली तेव्हा ती घटली होती अवघी दोन औंस. त्याच्या मरणानंतर १६४८ साली हा प्रयोग छापून प्रसिद्ध झाला. हेल्मोंटने त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अपुरा होता. त्याला वाटले, झाड सर्वस्वी पाण्याचेच बनले. हवेचा वाटा त्याच्या ध्यानात आला नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की पानातले हरितद्रव्य सूर्याच्या प्रकाशात हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी आणलेले पाणी यांपासून साखर बनवते. जमिनीतून येतात ते नत्र, स्फुरद, पालाश हे क्षार; ते मिठामसाल्यासारखे, लागतात थोडे पण त्यांच्यावाचून चालत नाही. भात शिजतो तो पानाच्याच चुलीवर.

कंदाच्या झाडांनी त्यात एक शहाणपण केले आहे. आपल्या महाड-पोलादपुराकडे पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आंबेनळी घाटाच्या बाजूला तर त्याहूनही अधिक. आणि मग दिवाळीपासून मृगापर्यंत सात-आठ महिने थेंब नाही. सावित्रीच्या काठचे कातळ मार्चमध्ये कसे तापतात ते तुम्ही जाणता. अशा मुलखात नाजूक पानांच्या झाडाने वर्षभर उभे राहायचे म्हटले तर जळून जाईल. म्हणून ही झाडे चार-पाच महिने रांधतात, उरलेले सारे जमिनीखालच्या कोठारात भरतात, वरचा संसार मोडतात आणि निजतात. कोकणातली बाई पावसाळ्यापूर्वी वाली, सुकट, पापड, लाकडे यांची बेगमी करते. या झाडांची बेगमी उलट्या ऋतूची, उन्हाळ्यासाठी पावसाळ्यात करायची.

कोठाराचा आकार झाडागणिक वेगळा. हळद, आले, भुईचाफा यांच्या जमिनीखालच्या गड्ड्या म्हणजे खरे पाहता आडवे वाढलेले खोडच. सुरणाचा गड्डाही खोडच. लिली, निशिगंध यांचे कोठार आपल्या नेहमीच्या कांद्याच्या जातीचे आहे. कांदा उभा चिरला तर जे पापुद्रे दिसतात ते पानांचेच बुडखे आहेत, फुगलेले. वर हिरवे पान, खाली त्याचेच पांढरे, मांसल बूड. पान जितके दिवस उन्हात राहील तितके त्याचे बूड भरत जाणार. आमच्याच जिल्ह्यातल्या अलिबागचा पांढरा कांदा पिकवणारा शेतकरी हे न शिकता जाणतो. तो कांदा केव्हा काढतो? पात हिरवीगार, ताठ असताना नव्हे. मानेशी पात मऊ होऊन आडवी झाली, त्याच्या भाषेत 'माना पडल्या', की मग. त्याआधी काढलेला कांदा भरत नाही आणि टिकतही नाही.

लिलीत याहून नवलाची गोष्ट आहे. तिचा थोराड कांदा चिरून पाहिला तर पापुद्र्यांच्या मध्ये पुढच्या फुलाची इवलीशी कळी दडलेली सापडते. साधारणपणे दर चार पानांमागे एक फुलदांडा, असा या लिलीचा हिशेब असतो, आणि तो दांडा बाहेर पडण्याच्या कितीतरी महिने आधी आत घडत असतो. म्हणजे या वैशाखातले फूल हे गेल्या पावसाळ्यातल्या पानांची कमाई. पाने कमी, तर कळ्याही कमी. आणि धरलेल्या कळीला पोसायला कोठारात काही नसेल तर ती आतच करपते. आमच्या गुरुजींच्या लिलीला फुले का येईनात ते आता ध्यानात आले असेल. पहिल्या वर्षीची फुले ही ज्याने कांदे विकले त्याच्या वाफ्यातली शिल्लक होती. ती खर्च झाली आणि नवी भर पडली नाही.

येथे कोणी म्हणेल, हिरवे पान ठेवावे हे पटले, पण पिवळे पडू लागलेल्या पानाचा काय उपयोग? तेथे चूल विझलीच की! हा प्रश्न चांगला आहे. पान पिवळे पडते तेव्हा ते नुसते मरत नसते, घर आवरत असते. हरितद्रव्य मोडले जाते, पानातल्या इतर द्रव्यांतला नत्र सुटा होतो, आणि तो नत्र, स्फुरद, पालाश हे सारे देठातून खाली कंदात परत जाते. कॅल्शियमसारखे काही क्षार हलवता येत नाहीत, ते पानातच राहतात. पिवळा रंग काही नवा आलेला नसतो. तो आधीपासून पानात असतोच, हिरव्याखाली झाकलेला. हिरवा गेला की तो दिसू लागतो. तेव्हा अर्धे हिरवे, अर्धे पिवळे पान म्हणजे अर्धे सामान आत गेले आहे आणि अर्धे अजून ओट्यावर आहे. ते कापणे म्हणजे ओट्यावरची पोती उकिरड्यावर फेकणे.

मग कापायचे केव्हा? परदेशी बागकामाच्या पुस्तकांत एक नियम हमखास सापडतो : फूल गेल्यापासून निदान सहा आठवडे पानाला हात लावू नका. हा नियम तिकडच्या डॅफोडिलसारख्या फुलांसाठी ठीक आहे. ती फुले आणि पाने थंडी सरता सरता बरोबरीने येतात. वसंतात फूल गळते, उन्हाळ्याच्या तोंडावर पान वाळते. पण तोच नियम महाडला लावला तर काय होईल? आपली लिली फुलते एप्रिल-मे महिन्यात, भुईचाफाही त्याच सुमारास, आणि तोही पानाशिवाय, नुसता जमिनीतून फूल वर काढतो. त्यानंतर सहा आठवडे मोजले तर येतो आषाढ! म्हणजे पाने नुकतीच वर येऊन कामाला लागली आहेत आणि पुस्तक सांगते आहे, आता कापायला हरकत नाही. त्यामुळे आपल्याकडे फुलापासून दिवस मोजण्यात अर्थ नाही, पावसापासून मोजावे. पान येते मृगाबरोबर आणि त्याचे काम चालते पाऊस सरून ओल संपेपर्यंत. मी आमच्या बाजूपुरता एक ठोकताळा ठरवला आहे : हस्त नक्षत्र सरेपर्यंत कोणत्याही कंदाच्या पानाला कोयता लावायचा नाही. हस्त सरते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. त्यानंतरही लगेच कापायचे असे नाही. तेथून पाहायला लागायचे.

पाहायचे कसे? पान टोकाकडून पिवळे होत बुडाशी आले, तपकिरी झाले, कागदासारखे वाजू लागले, की दोन बोटांत धरून हलकेच ओढावे. सहज हाती आले तर त्याचे काम झाले. थोडी जरी ओढ लागली, बुडाशी ओल दिसली, तर आणखी आठवडाभर थांबावे. या परीक्षेला कोयता नको की कात्री नको, आणि शाळेतली पोरे ती आनंदाने करतात. भुईचाफ्याची पाने साधारण कार्तिक-मार्गशीर्षात अशी हाती येतात. लिलीचे काही सांगता येत नाही. अंगणात न्हाणीचे पाणी मिळत असेल तर तिची काही पाने वर्षभर हिरवी राहतात. राहू द्यावीत. हिरवे ते ठेवावे, वाळले ते काढावे, एवढेच.

मात्र एक सावधगिरी. सारेच पिवळे पान म्हातारे नसते. आषाढ-श्रावणातच पाने पिवळी पडू लागली तर तो वयाचा परिणाम नव्हे, बुडाशी पाणी साचल्याचे किंवा बुरशी लागल्याचे लक्षण आहे. म्हातारपणाचे पिवळेपण बाहेरच्या, जुन्या पानांपासून आणि टोकाकडून हळूहळू सुरू होते. रोगाचे पिवळेपण कोठेही येते, ठिपक्या-ठिपक्यांनी येते, किंवा कोवळे पानही बुडाशी मऊ होऊन घाण वास मारते. हळदीत याला कंदकुज म्हणतात. असे पान, वेळ पडली तर सबंध झाड, ताबडतोब काढून लांब नेऊन जाळावे, चर काढून पाण्याला वाट द्यावी. आपल्याकडचा पाऊस पाहता कंदाचे वाफे गादीसारखे उंच केलेले बरे. निशिगंधाला तर त्यावाचून गत्यंतर नाही.

आता हळदीकडे वळू, कारण फुलांपेक्षा तिच्याशी आपला संबंध रोजचा. परसात चार-सहा हळदीचे ठोंब नाहीत असे घर आमच्याकडे विरळा. नागपंचमीला, गौरीला पातोळ्या करायच्या म्हणजे हळदीचे पान हवेच. आणि शेजारणींनाही हवे, मुंबईहून आलेल्या नणंदेलाही परत जाताना दहा-बारा पाने हवीत. नेमक्या त्याच दिवसांत झाड रांधण्याच्या ऐन भरात असते. गड्डे खऱ्या अर्थाने फुगू लागतात ते यापुढे. तेव्हा पाने घेऊच नयेत काय? तसे मी सांगणार नाही. पातोळ्यांवाचून श्रावण नको. पण एकाच ठोंबाची सगळी पाने ओरबाडण्यापेक्षा प्रत्येक ठोंबाचे एखादे, बाहेरच्या अंगाचे पान घ्यावे. मधला कोंब, म्हणजे गुंडाळीतून उलगडत असलेले पान, कधीही तोडू नये. फारच मागणी असेल तर परसाच्या एका कोपऱ्यात दोन-तीन ठोंब 'पानांची हळद' म्हणून राखावेत आणि त्यांच्याकडून गड्ड्याची आशा धरू नये. मग पौष-माघात उरलेल्या हळदीची पाने वाळून आडवी झाली, की पाणी देत असाल तर ते आधीच तोडावे, वाळला पाला जमिनीसरसा कापावा, काही दिवस जाऊ द्यावेत आणि मग गड्डे खणावेत. पाला हिरवा असताना खणलेल्या हळदीत पाण्याचा अंश जास्त. शिजवून वाळवली की ती आकसून अर्धी होते आणि घरची हळद बरकत देत नाही म्हणून आपणच कुरकुरतो.

सुरणाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचा तो ठिपक्यांचा, सापाच्या कातीसारखा उभा सोट आपण खोड समजतो. ते खोड नव्हे. तो पानाचा देठ आहे आणि वरची ती छत्री म्हणजे एकच पान, अनेक तुकड्यांत विभागलेले. अनेकदा वर्षाला एकच पान! गुरे घुसून ते मोडले, किंवा बांध साफ करणाऱ्याच्या कोयत्याखाली गेले, तर त्या सुरणाची वर्षाची कमाई बुडाली असे समजावे. ते पान स्वतःहून पिवळे होऊन कोलमडले, म्हणजे सुरण खणण्याची वेळ झाली.

याच कुळातले शेवळे. मृगाच्या आगेमागे रायगड-ठाण्याच्या बाजारात जांभळट-तपकिरी शेवळ्यांच्या जुड्या येतात. काकडे घालून किंवा चिंच लावून तिची भाजी करतात, नाही तर घसा खाजतो. आपण भाजी म्हणून खातो तो शेवळ्याचा फुलोरा. पान त्यानंतर येते, पावसात, आणि भाजीचे दिवस सरल्यावर त्याला कोणी ओळखतही नाही. जूनमध्ये जो शेवळ्यासाठी रान पालथे घालतो, तोच ऑगस्टमध्ये त्याचे पान गवतात कापून टाकतो. पूर्वी हे फारसे होत नसे, कारण डोंगरावरची गवतकापणी पाऊस सरल्यावर, गवत पिकल्यावर होई, आणि तोवर शेवळ्याचे पान आपले काम आटोपून जिरून गेलेले असे. आता गवत कापायची पेट्रोलची मशिने आली. रस्त्याची कड, शाळेची टेकडी, देवळाचा माळ भर श्रावणात एका सकाळी साफ होतो. मशिनला गवत आणि शेवळे यांतला फरक कळत नाही. मशिन चालवणाऱ्याला मात्र कळू शकतो. सफाई करायचीच तर जेथे शेवळे, रानहळद, कळलावी उगवते तो तुकडा हस्त सरेपर्यंत सोडावा. फुलोराही सगळाच खुडू नये. काही राहू द्यावा, म्हणजे बी पडते.

कळलावीचे नाव निघाले म्हणून सांगतो. गौरीच्या दिवसांत तिची लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले कुंपणावर डोलतात. तमिळनाडूचे हे राज्यफूल आहे आणि आफ्रिकेत झिंबाब्वेचेही ते राष्ट्रीय फूल आहे. आपण गौरीसाठी फूल हवे म्हणून सबंध वेल ओढून आणतो. कळलावीचा नांगराच्या फाळासारखा दुबेळक्याचा कंद दर वर्षी जुना सुकतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. भाद्रपदात वेल ओढली तर जुना संपत आलेला आणि नवा भरायचा राहिलेला, असे दुहेरी नुकसान. पुढल्या वर्षी तेथे वेल बारीक येते, कधी येतच नाही. गौरीला दोन फुले पुरतात. ती आखूड देठाने खुडावीत, वेल कुंपणावर राहू द्यावी. आणि शिक्षकांनी मुलांना हे आवर्जून सांगावे की कळलावीचा कंद जहरी आहे. तो खणून हाताळण्याचा खेळ करू नये, तोंडात तर मुळीच घालू नये.

हॉलंडातले ट्यूलिपवाले काय करतात ते ऐकण्यासारखे आहे. तेथे १९५० पासून केउकेनहॉफ नावाची बाग वसंतात लोकांना पाहायला खुली होते, आणि आजूबाजूला मैलोगणती ट्यूलिपची शेते असतात. नवखा प्रवासी ऐन बहरात एखादे शेत पाहून जातो, आठ दिवसांनी परत येतो, तो सारी फुले माना कापून वाफ्यात पडलेली! त्याला वाटते, काय हा नासधूसपणा. पण त्या शेतकऱ्याला फूल विकायचे नसते, कांदा विकायचा असतो. फूल ठेवले तर ते बी धरण्यात कोठारातला माल खर्च करील, म्हणून तो फुलाचे मुंडके उडवतो आणि पानांना मात्र धक्का लावत नाही. आपण शाळेत नेमके याच्या उलट करतो. सुकलेला दांडा बोंडांसकट तसाच ठेवतो आणि पाने कापतो. लिलीचे फूल कोमेजले, निशिगंधाची छडी संपली, की दांडा बुडाशी खुशाल कापावा. त्याने लाभच आहे.

कर्दळ आणि सोनटक्का यांना मात्र हा सारा नियम जसाच्या तसा लावू नये. त्यांच्या एका गड्ड्यातून अनेक धांडे उठतात आणि एक धांडा एकदाच फुलतो. फुलून गेलेला कर्दळीचा धांडा जमिनीसरसा कापला तर बाजूच्या कोंबांना मोकळी जागा मिळते, आणि कोठार भरायला दुसरे धांडे असतातच. सोनटक्क्याचा फुललेला धांडा थोडा पिवळा होऊ द्यावा, मग काढावा. न फुललेल्या धांड्यांना हात लावू नये.

राहिला दिसण्याचा प्रश्न, आणि तो मी हलका मानत नाही. पंधरा ऑगस्टला शाळा नीटनेटकी दिसलीच पाहिजे. तिकडे काही लोक लोळलेल्या पानांची वेणी घालतात किंवा गाठ मारून ठेवतात. ते करू नये, घडीतल्या पानाला ऊन मिळत नाही. त्यापेक्षा लिलीच्या रांगेपुढे हातभर अंतरावर तेरडा किंवा झेंडू लावावा. श्रावणात तेरडा पाने झाकील, गौरीला कामी येईल, आणि दसऱ्याला झेंडूची तोरणे शाळेतलीच होतील. लोळलेली पाने वाटेवर येत असतील तर कामटीच्या आधाराने सैल उभी करावीत. खत घालायचे ते पान हिरवे असताना : कुजलेले शेणखत पावसाच्या सुरुवातीला, थोडी चुलीतली राख भाद्रपदात. पाने पिवळी पडल्यावर घातलेले खत आणि पाणी झोपलेल्याच्या तोंडात घास कोंबण्यासारखे. तो खाणार तर नाहीच, उलट कुजेल.

शिक्षकांसाठी एक प्रयोगही सुचवतो. जूनमध्ये शाळा उघडल्यावर लिलीचे सारख्या आकाराचे दहा कांदे घ्यावेत. मुलांकरवी ते धुऊन, कोरडे करून, किराणा दुकानातल्या तराजूवर एकेक तोलावेत आणि वजने वहीत लिहावीत. मग एकाच वाफ्यात दोन रांगा लावाव्यात. पहिल्या रांगेची पाने फुटतील तशी १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरला कापावीत, दुसरीला हात लावू नये. नाताळच्या सुट्टीआधी कांदे उकरून पुन्हा तोलावेत आणि परत लावून टाकावेत. विज्ञान, गणित आणि थोडा धीर, तिन्ही विषय एकत्र येतात. फरक पाहायला तराजूही फारसा लागू नये, मुलांना तो हातातच कळेल. आणि एप्रिलमध्ये कोणत्या रांगेत किती दांडे आले हे त्याच वहीत त्याच मुलांनी लिहावे, पुढच्या वर्गात गेली तरी.

एक काम शेवटी उरते आणि तेच बहुधा राहून जाते. पाने हाती आली, वाफा उघडा पडला, की खाली कंद आहे हे कोणाच्या लक्षात राहत नाही. माघात कोणी कुदळ घेऊन खड्डा खणतो आणि नेमका कांद्याचे दोन तुकडे करतो. म्हणून शेवटचे पान उचलायच्या आधी तेथे एक खूण करावी. सावित्रीतला एखादा पांढरा गोटा चालेल, बांबूची कामटी चालेल. आमच्या त्या शाळेतल्या मुलांनी प्रत्येक कांद्यापाशी रंगवलेली कामटी रोवली आहे आणि तिच्यावर आपापले नाव लिहिले आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत तेथे कोणी पाने कापली नाहीत. येत्या एप्रिलमध्ये कोणाच्या कामटीपाशी दांडा येतो, यावर त्यांच्यात आताच वाद सुरू झाले आहेत.